वीस मणांची खंडी

‘खंडीभर कामं पडलीत’ असे सहज म्हटले जाते, पण दुकानात जाऊन खंडीभर ज्वारी कोणी मागत नाही. रोजच्या बोलण्यात खंडी म्हणजे पुष्कळ, एवढाच अर्थ आता उरला आहे. जुन्या हिशेबात हा शब्द नेमका होता.

चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पायली गावागणिक लहानमोठी असे, त्यामुळे खंडीही बदले. गोव्यात भाताची खंडी वीस कुडवांची. धनगरांच्या मोजणीत तर वजनाचा संबंधच नाही. वीस मेंढरे म्हणजे एक खंडी. या तिन्हींत सारखा राहिला तो वीस हा आकडा.

संस्कृत ‘खंड्’ म्हणजे तोडणे, वाटे करणे. खंडीची व्युत्पत्ती या धातूशी जोडली जाते. जमीन कसायला घेतल्याबद्दल ठरवून द्यायचा ‘खंड’ही त्याच कुळातला.

खळ्यावरचे मोजणे पाहण्यासारखे असे. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत आणि मग पुढची मोजणी चाले. माप काठोकाठ भरले तरी वर धान्याचा जो निमुळता ढीग राही, ती शीग. उत्साह ‘शिगेला पोचतो’ तो इथूनच. खंडीच्या हिशेबात शीग धरायची की नाही, याला फार महत्त्व होते, कारण प्रत्येक पायलीवरची मूठ-दोन मुठी खंडीपर्यंत शेकडो मुठी होत.

व्यापारी ‘खंडी’ हा शब्द समुद्रापलीकडे घेऊन गेले. पोर्तुगिजांनी त्याचे ‘कांदील’ केले, इंग्रजांनी ‘कँडी’. मुंबईच्या कापूस बाजारात खंडी 784 पौंडांची ठरली.

1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि शेर, पायली, मण व्यवहारातून मागे पडत गेले. कापसाने मात्र खंडी सोडली नाही. ते 784 पौंड आता 356 किलो म्हणून लिहिले जातात, आणि रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव आजही खंडीवरच निघतो. विदर्भातला शेतकरी कापूस विकतो क्विंटलवर, त्यामुळे दोन्ही भाव ताडून पाहायचे तर त्याला हिशेब करावा लागतो: कापसात रुई साधारण एक तृतीयांश, म्हणजे एका खंडीला दहा क्विंटलांहून थोडा जास्त कापूस, आणि सरकीचे पैसे वेगळे.