शेकोटी द्राक्षांना... आणि आपल्या कंबरेला?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे दिंडोरीच्या बाजूला गेलात, तर द्राक्षबागांमधून धूर निघताना दिसतो. घाबरू नका, आग लागलेली नसते! पारा फार खाली गेला की द्राक्षमणी तडकतात, फुगवण थांबते आणि वर्षभराची मेहनत पाण्यात जाते. म्हणून बागायतदार भल्या पहाटे उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. शेजारच्या निफाडचं नाव तर दर हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या बातम्यांमध्ये झळकतंच.

द्राक्षांची एवढी बडदास्त, आणि आपली कंबर? तिला कोण विचारतो!

नाशिकहून दिंडोरी, जानोरी किंवा ओझरच्या बाजूला रोज बाइकवर कामाला जाणारा जथा बघा. कानाला मफलर, हातात ग्लोव्ह्ज, वर मस्त जॅकेट. पण बाइकवर पुढे झुकलं की ते जॅकेट वर सरकतं, आतला टी-शर्टही सरकतो आणि नेमकी कंबरेची चार बोटं जागा पंचवीस किलोमीटर गार वारा खात राहते. मग ऑफिसात आठ-नऊ तास खुर्ची. संध्याकाळी पुन्हा तोच वारा. रात्री थंडीने अंगाचं मुटकुळं करून झोपायचं आणि सकाळी दात घासायला बेसिनवर वाकलं की... आई गं! कंबरेत उसण भरलेली असते.

दोष कुणाला? अर्थात थंडीला!

थंडी खरंच गुन्हेगार आहे?

इथे एक गंमत आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीमध्ये संशोधकांनी नव्याने कंबरदुखी सुरू झालेल्या ९९३ पेशंट्सचा अभ्यास केला. दुखणं सुरू झालं त्या दिवसाचं हवामान आणि त्याआधीच्या दिवसांचं हवामान त्यांनी ताडून पाहिलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तापमान, दमटपणा, हवेचा दाब किंवा पाऊस यांचा कंबरदुखी सुरू होण्याशी काही संबंध दिसला नाही.

मग आपल्याला जाणवतं ते काय? सगळं मनाचे खेळ? तसंही नाही. सिडनीची थंडी म्हणजे काही दिंडोरीची पहाट नव्हे, हे आधी लक्षात घ्या. शिवाय गारठ्यात स्नायू आखडतात, हे कुणीही सांगेल. पण माझ्या मते खरी गोम वेगळी आहे. थंडीत आपण हलणंच बंद करतो. सकाळचा वॉक बंद, जिमला दांडी, जेवल्यावरची चक्कर रद्द, रविवार पूर्ण दिवस रजईत लॅपटॉप घेऊन. कंबरेचे स्नायू आधीच आळसावलेले, त्यात ही सक्तीची सुट्टी. कंबर धरणार नाही तर काय!

आणि हे फक्त खुर्चीवाल्यांचं दुखणं नाही. याच दिवसांत बागांमध्ये पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुरांच्या टोळ्या काम करत असतात. मांडवाखाली तासन् तास हात वर करून घडांची विरळणी करायची, नंतर भरलेले क्रेट्स उचलायचे. त्यांची कंबर गंजत नाही, झिजते. त्यांना 'जरा रेस्ट घ्या' म्हणणंही सोपं नाही, कारण एक दिवस बसलं की त्या दिवसाची मजुरी गेली. जगभरात २०२० मध्ये सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यात खुर्चीवालेही आले आणि क्रेटवालेही.

आजीचा शेक पास!

आता उपायांकडे वळू. घरोघरी थंडीत शेक असतोच. कुठे रबरी पिशवी, कुठे तव्यावर गरम केलेल्या जाड्या मिठाची किंवा ओव्याची पुरचुंडी, खेड्यात तर तापवून फडक्यात गुंडाळलेली वीटसुद्धा. आपण हसतो, पण अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीच्या उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ताज्या दुखण्यावर गोळ्यांआधी शेक आणि मसाज यांचा विचार करा असंच सांगितलं. आजीला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

मात्र शेकाकडून फार अपेक्षा नकोत. त्याने थोड्या काळासाठी थोडा आराम पडतो. त्या सैल झालेल्या अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही काय करता, ते जास्त महत्त्वाचं. शेक घेऊन पुन्हा रजईत शिरलात तर सगळं मुसळ केरात. शेक घेऊन चालायला निघालात तर फायदा.

पंधरा-वीस मिनिटं पुरेत. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा आणि ती कंबरेखाली घेऊन झोपी जाऊ नका. भाजण्याची भीती आहेच, शिवाय रोज तासन् तास शेकत राहिलं तर कातडीवर जाळीसारखे काळपट डाग पडतात. नुकताच मार बसून सूज आली असेल, तर शेक थांबवा. घरात डायबेटिसमुळे संवेदना कमी झालेलं कुणी असेल तर जास्तच सांभाळून.

तेलाचं काय? तिळाचं असो, निर्गुडीचं असो की महानारायण, कोमट करून हलक्या हाताने चोळलं की बरं वाटतं. किती श्रेय तेलाचं आणि किती चोळणाऱ्या हाताचं, यावर वाद घालत बसू नका. डिंकाचे आणि मेथीचे लाडूही जरूर खा, पण चवीसाठी! कंबरेसाठी म्हणून रोज चार चापलेत, तर तूप-गुळाने वाढलेलं वजन शेवटी कंबरेलाच उचलायचंय.

उठल्या उठल्या वाकू नका

हा मुद्दा बऱ्याच जणांना माहीत नसतो. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते. अशा वेळी पुढे वाकलं की त्या गाद्यांवर ताण जास्त येतो. अमेरिकेत १९९८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, जुनी कंबरदुखी असलेल्यांनी सकाळी उठल्यावर सुरुवातीला कंबरेतून वाकणं टाळलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं.

म्हणजे गजर वाजला की उडी मारून कडाक्याच्या थंडीत थेट सूर्यनमस्कार, हा उत्साह दुखऱ्या कंबरेला परवडणारा नाही. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा. बूट खुर्चीवर बसून, पाय वर घेऊन घाला. बादली उचलताना गुडघे वाकवा. घरात दहा मिनिटं फिरा, गरम पाण्याने अंघोळ करा आणि तासाभराने मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन अशी सौम्य आसनं सावकाश करा. कळ पायात उतरत असेल, तर आसनं आधी फिजिओथेरपिस्टला विचारून.

सगळ्यात स्वस्त औषध

चालणं! लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग छापून आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टच्या मदतीने हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं. टार्गेट होतं आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांत परतलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांत. जवळजवळ दुप्पट आराम, आणि खर्च काय, तर एक जोडी बूट.

पहाटेच चालायला हवं असं कुणी सांगितलं? ऊन वर आल्यावर, लंच ब्रेकमध्ये चाला. ऑफिसात दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाणी आणायला जा. बाइकवर असाल तर लांब बनियन पँटमध्ये खोचा किंवा जॅकेटच्या आत कंबरेला शाल गुंडाळा. दिसायला 'कूल' नाही, पण जॅकेटच्या आत कोण बघतंय? आणि वीकेंडला रामशेज आहेच. दिंडोरी तालुक्यातला हा छोटासा किल्ला १६८२ पासून कित्येक वर्षं औरंगजेबाच्या फौजेला दाद देत नव्हता, पण चढायला सोपा आहे. मात्र कंबर ताजी धरलेली असताना नको. आधी सपाटीवर चालून बघा.

हे मात्र अंगावर काढू नका

बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत कमी होते. पण पायातली ताकद कमी वाटली, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर शेक वगैरे विसरा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बारीक ताप आणि वजन उतरणं यांच्या जोडीला पाठ दुखत असेल, तर आपल्याकडे मणक्याचा टीबीही असू शकतो, त्याची तपासणी हवी.

आणि एक दुखणं खास तुमच्या-आमच्या वयाचं. विशी-तिशीत सुरू होतं, हळूहळू वाढतं. मध्यरात्रीनंतर कंबर दुखून जाग येते, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ ताठरपणा राहतो, आणि गंमत म्हणजे आराम केल्याने वाढतं, हालचाल केल्याने कमी होतं! हा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. म्हणजे सांध्यांना आतून येणारी सूज, जी वेळेवर आवरली नाही तर कणा ताठ होत जातो. 'थंडीमुळे होतंय, उन्हाळ्यात जाईल' असं म्हणत अनेक जण वर्षं घालवतात. तीन महिन्यांहून जास्त दिवस असं चाललं असेल, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला भेटा. सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, म्हणून गरज पडली तर ते एचएलए-बी२७ ही रक्ताची टेस्ट आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एमआरआय करायला सांगतील.