तपासणींत न सांपडणारी पोटदुखी

परीक्षेच्या दिवशीं सकाळीं ज्याच्या पोटांत कळ आली नाहीं असा विद्यार्थी विरळाच. वडील मंडळी त्यास बहाणा म्हणतात, आणि गणिताच्या पेपराच्या दिवशीं तो कधीं कधीं असतोही ! परंतु ज्यांचें पोट महिनोन्महिने दुखतें, कधीं बद्धकोष्ठ तर कधीं जुलाब होतात, आणि तपासणींत व्रण वा सूज कांहींच आढळत नाहीं, त्यांचें काय ? डॉक्टर या विकारास 'आय. बी. एस.' म्हणतात. कांहीं सांपडलें नाहीं म्हणजे कांहीं झालेंच नाहीं, असें मात्र नव्हे.

कॅनडांतील वॉकर्टन गांवीं मे २००० मध्यें अतिवृष्टीनंतर गुरांच्या शेणांतील जंतू पिण्याच्या विहिरींत शिरले. सुमारें २,३०० माणसें आजारी पडलीं, सात दगावलीं. इतर बरीं झालीं असें वाटलें. पण दोन-तीन वर्षांनीं पाहणी केली तेव्हां, त्या वेळीं हगवण लागलेल्यांपैकीं एक-तृतीयांशाहून अधिक लोकांस हा विकार जडलेला आढळला. न लागलेल्यांत दहांत एकास. जंतू गेले, पण आंतड्यांच्या नसा हळव्या होऊन राहिल्या. अशा दुखण्यानंतर, आधींच चिंतेनें ग्रासलेल्यांस हा विकार अधिक जडतो.

चिंतेचा आणि आंतड्यांचा संबंध काय ? आंतड्यांच्या भिंतींत मज्जातंतूंचें स्वतंत्र जाळें आहे, आणि मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या 'व्हेगस' नामक मज्जातंतूचे बहुतेक धागे हुकूम खालीं नेत नाहींत, तर पोटाची वार्ता वर पोंचवितात. शिवाय आंत जंतूंची वस्ती आहे : २०१६ च्या अंदाजाप्रमाणें सुमारें अडतीस लक्ष कोटि, वजन अवघें २०० ग्रॅम ! जपानांत २००४ सालीं जन्मापासून जंतुरहित वाढविलेल्या उंदरांस कोंडून पाहिलें, तों त्यांच्या शरीरांत भीतीचीं द्रव्यें इतरांहून अधिक उसळलीं. लहानपणींच एक उपकारक जंतू दिल्यावर तीं ओसरलीं. अर्थात् उंदीर तो उंदीर.

म्हणूनच उपकारक जंतूंच्या, म्हणजे 'प्रोबायोटिक'च्या, महागड्या पुड्या घेतांना सावध असावें. कांहीं विशिष्ट जंतूंनीं कांहीं रोग्यांस थोडा आराम पडतो; सर्वांस नाहीं. घरचें दहीं खुशाल खावें, पण तें औषध समजूं नये. मनाची भीति कमी करणाऱ्या उपचारांनींही पुष्कळांची कळ खरोखर उतरते. मात्र शौचावाटे रक्त पडणें, वजन घटणें, किंवा कळेनें रात्रीं झोप मोडणें यांपैकीं कांहीं दिसल्यास मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें.