विश्लेषण : सेन्सरच्या नोंदीतील दोन रिकामे बाइट धोक्याचे का?

लिनक्सवर चालणारा टॅबलेट आडवा धरला की पडद्यावरील चित्रही फिरते. त्यासाठी अ‍ॅक्सेलरोमीटरचे आकडे ड्रायव्हर बफरमध्ये भरतो आणि कर्नेलची ‘आयआयओ’ यंत्रणा ते पुढे पाठवते. २०२० मध्ये या बफरच्या रचनेतील दोष अनेक ड्रायव्हरमध्ये दुरुस्त करावे लागले.

नेमकी अडचण काय?

तीन अक्षांचे प्रत्येकी २, म्हणजे ६ बाइट. त्यानंतर वेळेची ८ बाइटची नोंद. ती ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असावी लागते. म्हणून मध्ये २ बाइट रिकामे सोडून एकूण १६ होतात. मात्र बफर २ बाइटी संख्यांचा म्हणून घोषित केला, तर त्याची सुरुवात ८ च्या पटीत होईलच, याची हमी कंपायलर देत नाही. अशा पत्त्यावर लिहिणे काही प्रोसेसर चालवून घेतात, काही मंदावतात, तर काही थेट त्रुटी देतात.

धोका कोणता?

बफर स्टॅकवर असेल आणि आधी पुसलेला नसेल, तर रिकाम्या २ बाइटमध्ये कर्नेलच्या आधीच्या कामाचे अवशेष राहतात. नोंदीबरोबर तेही सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्रामच्या हाती पडतात.

उपाय काय?

मोजमापे आणि वेळ यांचे एकच स्ट्रक्चर करून वेळेच्या जागेला ८ बाइटचे बंधन स्पष्ट लिहायचे. ते न लिहिल्यास ३२ बिट एक्स८६ वर कंपायलर ४ बाइटवरच समाधान मानतो. शिवाय भरण्यापूर्वी स्ट्रक्चर शून्याने पुसायचे. मग रिकाम्या जागेतून शून्यच बाहेर जाते.