राघूची बोली

मराठी भाषेनं पोपटावर जरा अन्यायच केला आहे. न समजता घोकलेल्या गोष्टीला आपण पोपटपंची म्हणतो. आणि कुणाची फजिती झाली की मुलं म्हणतात, ‘त्याचा पोपट झाला’. जुन्या लोकांची दृष्टी वेगळी होती. संस्कृतातल्या ‘शुकसप्तति’त आणि तिच्या मराठी अवतारात, म्हणजे ‘शुकबहात्तरी’त, पोपट हाच घरातला सर्वांत शहाणा. मालक परगावी गेल्यावर रोज रात्री एक गोष्ट सांगून तो मालकिणीला घरात थांबवून ठेवतो. आमच्या घरी तेवीस वर्षं एक राघू होता. त्याला गोष्टी येत नव्हत्या, मोजून दहा-बारा शब्द येत होते. पण त्यातले तीन शब्द काय करू शकतात हे मी पाहिलं. पुढं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना त्यामागची कारणंही थोडीफार समजली.

१९८३ च्या मार्चमध्ये सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाजवळ रस्ता रुंद करायला वडाची झाडं पाडत होते. पोपट स्वतः घरटं बांधत नाही, जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. झाड पडलं की घर गेलं. त्या ढोलीत तीन पिल्लं होती, त्यातलं एकच जिवंत. माझे वडील शाळामास्तर. शाळेतून येताना ते पिल्लू त्यांनी टोपीत घालून आणलं. ‘आता हे काय आणलंत?’ असं आई म्हणाली खरी, पण संध्याकाळी भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि माझ्या भावाचं जुनं बोंडलं घेऊन तीच बसली होती. पिल्लाचा उजवा पंख मोडला होता. तो वाकडाच जुळून आला, त्यामुळं राघूची झेप ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एवढीच राहिली. पिंजऱ्याचं दार दिवसा उघडं असे. मांजराच्या भीतीनं रात्री तेवढं लावायचं.

तिसऱ्या वर्षी त्याच्या गळ्याभोवती काळी आणि गुलाबी रेघ उमटली. आजी म्हणाली, ‘कंठ फुटला हो!’ ही कंठी फक्त नराला येते आणि तीही वयात आल्यावर, त्यामुळं तोपर्यंत आमचा राघू हा राघू आहे की मैना, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याच्या हिरव्या रंगाचीही एक गंमत आहे. पोपटाच्या पिसात हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिवळं असतं, आणि पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळं त्यावरून निळा प्रकाश परावर्तित होतो. दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. पिवळं द्रव्य नसलेला पोपट निळा दिसतो, तो याचमुळं.

आणि मिरची. पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खातो तेव्हा पाहणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी येतं. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाला फसवतं, म्हणून आपल्याला चटका बसल्यासारखं वाटतं. पक्ष्यांमध्ये त्या संवेदकाची घडण थोडी वेगळी असते, त्याला कॅप्सेसिन जाणवत नाही. यात मिरचीच्या झाडाचा फायदा असा, की बी चावून फुकट घालवणारे प्राणी दूर राहतात आणि पक्षी बी लांब नेऊन टाकतात. पोपट मात्र बीही फोडतो, तेव्हा मिरचीच्या दृष्टीनं बुलबुलच बरा!

आता मुख्य मुद्दा, बोलण्याचा. आपला आवाज निघतो गळ्यातल्या स्वरयंत्रातून. पक्ष्याचं ध्वनियंत्र खूप खाली, श्वासनलिका दोन्ही फुफ्फुसांकडे दुभंगते तिथं असतं. पोपटाला ओठ नाहीत, दात नाहीत. पण त्याची जीभ जाड, मांसल आणि चपळ. २००४ मध्ये मंक पॅराकीट या पोपटावर झालेल्या प्रयोगात दिसलं, की जीभ किंचित हलली तरी बाहेर पडणारा आवाज बदलतो. आपणही स्वर घडवतो ते असेच. पण नुसतं यंत्र असून भागत नाही, ऐकलेलं शिकणारा मेंदूही लागतो. ऐकून नवे आवाज शिकणारे पक्ष्यांचे तीनच मोठे गट आपल्याला माहीत आहेत : पोपट, गाणारे पक्षी आणि हमिंगबर्ड. कोंबडीला जन्मभर शिकवा, ती कोंबडीच्याच भाषेत बोलेल.

राघू शिकला तो शिकवण्यानं नाही. भावानं त्याला ‘भारत माता की जय’ शिकवायला अख्खी सुट्टी घालवली, ते त्यानं कधी उच्चारलं नाही. शिकला काय, तर दाराची कडी, दूधवाल्याची हाळी, आणि वडिलांची हाक. वडील सकाळी सहाला ओसरीवर बसून आधी घसा खाकरायचे आणि मग स्वयंपाकघराकडं पाहून म्हणायचे, ‘अगं, ऐकलंस का?’ आतून आईचं उत्तर यायचं, ‘आले हं!’ आणि ती चहा घेऊन बाहेर यायची. राघूनं ते तीन शब्द खाकरण्यासकट उचलले. आई कितीदा फसून बाहेर आली याचा हिशेब नाही.

१९९८ मध्ये वडील गेले. घर माणसांनी भरलं होतं, आणि तेरा दिवस राघूनं चोच उघडली नाही. गर्दीला पोपट बिचकतो, त्यात नवल नाही. माणसं पांगल्यावर एका सकाळी सहाला ओसरीवरून खाकरण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, ‘अगं, ऐकलंस का?’ आई आतून ‘आले हं’ म्हणून गेली, आणि मग तिथंच ओट्याला धरून उभी राहिली. त्या दिवशी आमच्याकडं स्वयंपाक झाला नाही.

पुढं हे रोजचंच झालं. धाकटे काका आले, त्यांनी दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘वहिनी, हा पक्षी देऊन टाका कुणालातरी. जखम भरायची कशी?’ त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. आई एवढंच म्हणाली, ‘भाऊजी, तो काही वाईट बोलत नाही.’ वडिलांचा आवाज कुठल्याही टेपवर नव्हता. जगात तो आता एकाच ठिकाणी उरला होता, एका पोपटाच्या गळ्यात.

राघूला वडिलांची आठवण येत होती का? मला बरेच जण विचारतात. पोपट थव्यानं राहतो. थव्यातला पक्षी नजरेआड झाला की दुसरा साद घालतो, पहिला प्रतिसाद देतो. म्हणजे ‘मी इथं आहे, तू कुठं आहेस?’ २०११ मध्ये व्हेनेझुएलातल्या चिमुकल्या पोपटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं, की आईबाप घरट्यातल्या प्रत्येक पिल्लाला वेगळी साद देतात, जवळजवळ नावच म्हणा ना, आणि पिल्लं तीच पुढं वापरतात. पाळलेल्या पोपटाचा थवा म्हणजे घरची माणसं. कुठल्या आवाजाला कोण उत्तर देतं, हे तो नेमकं टिपतो. ‘अगं, ऐकलंस का?’ म्हटलं की ती बाई येते, हे राघूनं पंधरा वर्षं पाहिलं होतं. भारत मातेच्या जयजयकारानं कुणी येत नव्हतं!

म्हणजे ती निव्वळ पोपटपंची नव्हती, आणि वडिलांची आठवणही नव्हती. ती त्याची स्वतःची हाक होती, फक्त शब्द वडिलांचे. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांच्याकडं अॅलेक्स नावाचा आफ्रिकी करडा पोपट होता. तो रंग, आकार ओळखून सांगे, सहापर्यंत वस्तू मोजी. २००७ मध्ये, एकतीस वर्षांचा असताना तो गेला. राघू काही अॅलेक्स नव्हता, पण शब्द कुठं वापरायचा एवढं त्याला कळत होतं. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हणजे मी बाहेर यावं, एवढंच त्याला हवं असतं ना? त्यांनाही तेवढंच हवं असायचं.’ प्राणिशास्त्राच्या वर्गात मी हे उत्तर कधी सांगितलं नाही, पण याहून नेमकं मला सुचलेलंही नाही.

शेवटच्या वर्षांत आईला ऐकू कमी येऊ लागलं. हाकेला उत्तर यायला उशीर होई. मग राघू स्वतःच खाकरायचा, ‘अगं, ऐकलंस का?’ म्हणायचा, आणि थोडं थांबून आईच्या आवाजात ‘आले हं!’ म्हणायचा. २००६ च्या पावसाळ्यात त्यानं खाणं सोडलं आणि चौथ्या दिवशी गेला. भावाला ते आईला सांगवेना. बिरबलाच्या गोष्टीतल्यासारखं तो ‘डोळे उघडत नाही, हलत नाही’ असंच म्हणत राहिला. शेवटी आईनंच त्याला पदरात घेतलं आणि पेरूखाली पुरलं.

हे ऐकून कुणाला पोपट आणावासा वाटला, तर एक स्पष्ट सांगते. आमच्या लहानपणी गावोगावी पोपट पाळलेले असत, भविष्याची पाकिटं काढणारे पोपटही दिसत. पण हा आपल्या रानातला पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि १९९०-९१ पासून भारतीय रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. तरी पिल्लं चोरून विकली जातात. ढोलीतून ओरबाडलेल्या पिल्लांतली किती तरी बाजारापर्यंत पोचायच्या आतच मरतात. जखमी पिल्लू सापडलं तर वनखात्याला कळवावं. आता पक्ष्यांवर उपचार करणारी केंद्रंही आहेत. १९८३ मध्ये आमच्या गावात यातलं काही नव्हतं, आईचं बोंडलं तेवढं होतं.

पिंजरा आईनं धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर ठेवला. शेजाऱ्यांनी दोनदा मागितला, दिला नाही. पेरूच्या मोसमात पोपटांचा थवा उतरायचा, अर्धे पेरू खायचा, अर्धे खाली टाकायचा. आई होती तोवर त्यांना कुणाला हुसकावू देत नसे.