घरातला समुद्र: सम्प आणि रेफ्युजियम

आज सम्पबद्दल बोलू. मराठी माणसाला हा शब्द ऐकला की हरताळ आठवतो. पण इकडे देवनहळ्ळीत घर बांधायला काढलं की पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो, सम्प किती लिटरचा? बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवायचं आणि मोटर लावून गच्चीवर चढवायचं, ती खालची टाकी म्हणजे सम्प. समुद्री मत्स्यालयाचा सम्प त्याचाच धाकटा भाऊ. फरक इतकाच की इथे वर चढवलेलं पाणी सतत ओसंडून परत खाली येत राहतं.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते मरीन ड्राइव्हवर, समोरच समुद्र. आपण समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास आहोत आणि कुठलाही समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. आपला समुद्र मिठाच्या पिशवीतून येतो, तो बिघडला तर बदलायला दुसरा नाही. म्हणून पाण्याचा साठा वाढवायचा, यंत्रं माशांच्या नजरेआड ठेवायची आणि घाण काढायला एक जागा करायची. ही तिन्ही कामं सम्प करतो.

आता माप. चार फुटी टाकी धरू, १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. खाली स्टँडमध्ये ९० बाय ४०, उंची ४० असा सम्प. काचवाला तुम्हाला सांगेल, सम्प १४४ लिटरचा आहे. कागदावर बरोबर. पण सम्प कधीही काठोकाठ भरून चालवायचा नसतो, कारण त्याची परीक्षा वीज गेल्यावर होते. पंप थांबला की ओव्हरफ्लोच्या दात्यांवरचं पाणी खाली येतं. शिवाय परतीच्या पाईपचं तोंड पाण्याखाली असतं, त्यामुळे पाणी उलटं खेचलं जाऊन त्या तोंडापर्यंतचं सगळं पाणी उतरतं. तोंड पाच सेंटिमीटर खाली असेल तर वरच्या टाकीतून २७ लिटर येणार. पाईप आणि ओव्हरफ्लोच्या डब्यातलं मिळून ३७ धरा. आपल्या सम्पमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे ३.६ लिटर, म्हणजे पाणी सव्वादहा सेंटिमीटर चढणार. चालू स्थितीत पातळी २५ वर ठेवली तर वीज गेल्यावर ती ३५ च्या थोडी वर थांबेल आणि काठाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर उरतील. पातळी ३० वर ठेवणाऱ्याच्या हॉलमध्ये खारं पाणी येणार, आणि एप्रिल-मे महिन्यात इथे संध्याकाळच्या वळवाबरोबर वीज जाते तेव्हा ते नेमकं कुणी घरात नसताना येणार.

पुष्कळ लोक यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. बसवा, पण हिशेबात धरू नका. त्याच्या झडपेवर क्षार बसतात आणि ती अर्धवट उघडी राहते. त्यापेक्षा परतीच्या पाईपला पाण्याच्या पातळीखाली जेमतेम एक सेंटिमीटरवर बारीक भोक पाडावं. पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. त्या भोकात गोगलगाय बसते किंवा शेवाळ धरतं, म्हणून महिन्यातून एकदा काडी घालायची. आणि वरचा २७ लिटरचा हिशेब भोक नाहीच असं समजून केलेला आहे, तो तसाच ठेवायचा.

ओव्हरफ्लोसाठी काचेला भोक पाडलेली टाकी घ्या. काठावर अडकवायचा सायफनचा डबा स्वस्त पडतो, पण वीज जाऊन आल्यावर त्याचा सायफन पुन्हा धरेलच असं नाही. पंप मात्र इमानदारीने वर पाणी ओतत राहतो. भोकं दोन हवीत, एक रोजचं आणि एक संकटकाळचं. टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही, ती फुटते. म्हणून ऑर्डर देतानाच सांगा.

सम्पचे कप्पे मी असे करतो: एका टोकाला वरून येणारं पाणी आणि प्रोटीन स्किमर, दुसऱ्या टोकाला रेफ्युजियम, आणि मधे परतीचा पंप. दोन्ही टोकांचं पाणी मधल्या कप्प्यात पडतं. बाष्पीभवनाने पातळी घटते ती फक्त मधल्या कप्प्यातच. म्हणून हीटर तिथे ठेवू नये, उघडा पडला तर तो फुटतो. हीटर स्किमरच्या कप्प्यात. बंगळुरूकडे हीटर कशाला, असं विचारणाऱ्याने डिसेंबरची रात्र देवनहळ्ळीत काढून बघावी. नागपूर-जळगावकडच्या मंडळींचा प्रश्न उलटा आहे, त्यांना उन्हाळ्यात पाणी गार कसं ठेवायचं ते बघावं लागेल.

रेफ्युजियम म्हणजे आसऱ्याची जागा. मासे तिथे पोचत नाहीत, म्हणून कोपेपॉडसारखे बारीक जीव निवांत वाढतात आणि काही वर जाऊन माशांचं खाणं होतात. पण त्याचं मोठं काम वेगळं आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि तिथे गाडी अडते. नायट्रेट आणि फॉस्फेट साचत जातात. हेब्बाळहून इकडे येताना उजव्या हाताला जक्कूरचं तळं आहे. तिथे शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी आधी पाणवनस्पतींच्या दलदलीतून जातं आणि मग तळ्यात पडतं. वनस्पती उरलेलं खत शोषतात. रेफ्युजियममध्ये हेच काम कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ करतं. दिसायला भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखं, मुळं नाहीत, माती लागत नाही. कॉलर्पा दिसायला सुरेख, पण ते कधीकधी एका रात्रीत विरघळतं आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत सोडतं. ते मी कुणाला सुचवत नाही.

शेवाळ वाढलं म्हणजे काम झालं, असं नाही. दर आठ-दहा दिवसांनी त्यातलं तिसरा हिस्सा काढून टाकायचं. तेच नायट्रेट बाहेर जाणं आहे. काढलं नाही तर आतलं शेवाळ उजेडाविना कुजतं. दिवा साधा पांढरा एलईडी चालेल, पण तो वरच्या टाकीच्या उलट वेळेला लावा, रात्री आठ ते सकाळी आठ. रात्री वर अंधार असताना कार्बन डायऑक्साइड साचून पाण्याचा पीएच घसरतो. खाली शेवाळ जागं असेल तर ते तो वायू वापरतं आणि घसरण कमी होते.

या कप्प्यात पाणी हळू जावं, म्हणून काही जण उतरत्या पाईपवर व्हॉल्व्ह बसवून पाणी अडवतात. ते करू नका. उतरणीची वाट अडली की पाणी वरून सांडतं. त्याऐवजी परतीच्या पंपाच्या पाईपला टी जोडून छोटी फांदी रेफ्युजियमकडे सोडा. ती चोंदली तर शेवाळाला पाणी कमी मिळेल, बाकी काही होणार नाही.

रोज उडणारं पाणी गोडं असतं, मीठ मागे राहतं. भरपाई म्हणून खारं पाणी घातलं तर खारटपणा चढत जातो. लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार राहिले पाहिजेत, घनता १.०२५. भरपाईला आरओचं पाणी घ्या, पण स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरमध्ये बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो. तो चवीसाठी मूळ पाणी थोडं परत मिसळतो, आणि इथलं बोअरवेलचं पाणी कठीण. तो बंद करून मीटरने मोजा. आपोआप भरणारा फ्लोट लावलात तर त्याची बादली दहा लिटरचीच ठेवा, म्हणजे फ्लोट अडकला तरी दहा लिटरच्या पुढे काही बिघडणार नाही.

वीज लांबली तर आधी मरतात ते ऑक्सिजनविना. उजेड आणि स्किमर तासन्‌तास नसले तरी चालतं. इन्व्हर्टरवर फक्त परतीचा पंप किंवा पाणी घुसळणारा छोटा पंप ठेवा, आणि बॅटरीचा एअरपंप भिंतीला टांगलेला असू द्या.

जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे घ्यायचे नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते येतात. समुद्रातून काढलेला जिवंत खडकही प्रवाळाचाच सांगाडा असतो, म्हणून सिरॅमिकचा खडक वापरा. क्लाउनफिश मात्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे टाकीत पैदा करून दाखवला आहे. तो पैदाशीचाच मागा. तो दहा वर्षांहून जास्त जगू शकतो, हेही लक्षात असू द्या.

मासे आणण्याआधी सगळं पाणी भरून पंप चालवा आणि मेन स्विच पाडा. मार्कर घेऊन सम्पजवळ बसा, पाणी थांबेल तिथे काचेवर रेघ ओढा. मग स्विच लावा आणि पाणी स्थिरावलं की दुसरी रेघ, चालू पातळीची. पाच वेळा करा. पाचही वेळा पाणी त्याच दोन रेघांवर आलं, तर मिठाची पिशवी उघडा.