बाण बरोबर, रस्ता चुकीचा

पोळ्याला न्यू जर्सीहून आलेल्या धाकट्या भावाने बॅगेतून तळहाताएवढं एक यंत्र काढलं आणि यवतमाळच्या बसस्थानक चौकात गाडीच्या काचेला चिकटवलं. तिकडे तो नवीन होता, मोठ्या रस्त्यांची धास्ती वाटायची, तेव्हा हा नेव्हिगेटर घेतला होता. पाच वर्षं त्याला याच यंत्राने रात्री-बेरात्री घरी पोचवलं. इथं मात्र यंत्र सुरू झालं आणि बराच वेळ नुसतं शोधत राहिलं. मग पडद्यावर निळा बाण उमटला, खाली आकडे आले: उत्तर २०.३९, पूर्व ७८.१३. आकडे यवतमाळचेच. पण बाणाभोवती दत्त चौक नव्हता, आर्णी रोड नव्हता, धामणगाव रोड नव्हता. पिवळट, रिकामा पडदा.

"दादा, अमेरिकेचं यंत्र भारतात चालत नाही," तो खट्टू होऊन म्हणाला.

खरं तर यंत्राने त्याचं काम चोख केलं होतं. जीपीएस अमेरिकेची आहे हे खरं, पण तिचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोन फेऱ्या घालतात आणि न्यू जर्सीवर जसे येतात तसेच झरी-जामणीवरही येतात. त्यांचा संदेश जगात कुणालाही फुकट ऐकता येतो. उशीर का लागला, तर यंत्र शेवटचं बंद झालं होतं अमेरिकेत. सुरू झाल्यावर ते तिथल्या आकाशातले उपग्रह इथं शोधत बसलं. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक आकाशातून नव्याने उतरवून घ्यायचं तर साडेबारा मिनिटं लागतात. फोनला हीच माहिती इंटरनेटवरून आयती मिळते, म्हणून तो काही सेकंदांत जागा सांगतो.

यंत्रात नव्हता तो नकाशा. जागा सांगणं आणि रस्ता सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. जागा उपग्रहावरून कळते. रस्ता कळतो तो कुणीतरी आधी काढून यंत्रात भरून ठेवलेल्या नकाशावरून. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या यंत्रात बहुतेकदा उत्तर अमेरिकेचाच नकाशा असतो, युरोपातल्या यंत्रात युरोपचा. आपली माणसं परदेशात असं यंत्र घेताना पडदा केवढा आणि किंमत किती ते बघतात, डब्यावर कोणत्या प्रदेशाचा नकाशा लिहिलाय ते वाचत नाहीत. 'लाइफटाइम मॅप्स' या शब्दांनीही फसगत होते. त्यातलं आयुष्य आपलं नसतं, यंत्राचं असतं: कंपनी त्या मॉडेलसाठी नवे नकाशे काढते आहे तोपर्यंतचं. जर्मनीत किंवा फ्रान्सात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. वेग मोजणारा कॅमेरा पुढे आहे असं सांगणारी सोय गाडी चालवताना वापरणं तिथं कायद्याने मना आहे. दुकानात ती सोय यंत्रात भरलेली मिळाली, म्हणून ती वापरायला मोकळीक आहे असं होत नाही.

"टॉवर नाही, म्हणजे जीपीएसही नाही"

टिपेश्वरच्या जंगलाकडे किंवा पैनगंगेच्या काठच्या गावांत जाताना फोनवरचे दांडे नाहीसे होतात आणि गाडीतला कुणीतरी हे वाक्य म्हणतोच. जीपीएसला मोबाइल टॉवर लागत नाही. चार उपग्रहांचा संदेश कानी पडला की जागा निघते. नेटवर्क जातं तेव्हा थांबतो तो फोनवरचा नकाशा, कारण तो तुकड्यातुकड्याने इंटरनेटवरून येत असतो. यवतमाळ, पांढरकवडा, घाटंजी, आर्णी एवढा भाग घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवला, तर रेंज नसतानाही रस्ता दिसत राहतो. रहदारीची ताजी खबर तेवढी मिळत नाही.

ढग आले म्हणून जीपीएस चुकतं, असंही सर्रास म्हणतात. हे संदेश ज्या लहरींवरून येतात त्यांना ढग आणि पाऊस फारसे अडवत नाहीत. डोंगर, सिमेंटचं छत आणि उंच इमारती अडवतात. आमच्याकडे त्रास होतो तो ढगांपेक्षा उन्हाचा. आयफोन बनवणारी कंपनी ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरा असं सांगते, आणि यवतमाळचा मे महिना ४४-४५ अंशांचा. डॅशबोर्डवर काचेमागे ठेवलेला फोन तापून बंद पडतो आणि दोष उपग्रहावर जातो. स्टँड एसीच्या जाळीपाशी लावा. फोन हातात धरून रस्ता बघत मात्र चालवू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार रस्ता पाहण्यापुरता फोन चालतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

"उपग्रहाला आपला पत्ता कळतो"

हा गैरसमज जुन्या माणसांत फार खोल आहे, आणि अलीकडे टोलच्या अफवेने त्याला खतपाणी मिळालं. गाडीतला नेव्हिगेटर फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. रेडिओ ऐकणाऱ्याचं नाव आकाशवाणीला कळत नाही, तसंच हे. उपग्रहाला तुम्ही आहात हेच माहीत नसतं. प्रवासी गाड्यांत बसवलेलं ट्रॅकिंगचं यंत्र वेगळं: त्यात सिमकार्ड असतं आणि ते जागा पुढे कळवतं. फोनवरचं नकाशाचं ॲपही तुमची ये-जा आपल्या कंपनीला कळवू शकतं, पण ते इंटरनेटवरून, आणि त्याची परवानगी सेटिंगमध्ये बंद करता येते. १ मे २०२५ पासून टोल उपग्रहावरून कापणार, असं गावोगावी पसरलं होतं. तसा निर्णय झालेला नाही, हे केंद्रीय रस्ते मंत्रालयाने त्याआधीच एप्रिलमध्ये जाहीर केलं. काचेवरच्या फास्टॅगचाही उपग्रहाशी संबंध नाही. त्यात बॅटरीसुद्धा नसते. नाक्यावरच्या यंत्राने विचारलं की तेवढाच तो उत्तर देतो.

परदेशातून येणाऱ्यांना मात्र इथं एक कळकळीची सूचना. साधा नेव्हिगेटर किंवा जीपीएसचं घड्याळ आणायला हरकत नाही. पण डोंगरात भटकणारे लोक उपग्रहावरून संदेश *पाठवणारं* एक छोटं यंत्र बाळगतात, ते दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय भारतात आणता येत नाही. सॅटेलाइट फोनचंही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एक परदेशी प्रवासी असं संदेश पाठवणारं यंत्र जवळ बाळगल्यामुळे पोलिसांच्या कारवाईत सापडली. साधा नेव्हिगेटर आणि संदेश पाठवणारं यंत्र, दोन्ही दिसायला सारखी, बनवणारी कंपनीही एकच असू शकते. तेव्हा यंत्र ऐकणारं की बोलणारं, ते पाहूनच बॅगेत भरा.

"उपग्रह दाखवतोय, म्हणजे रस्ता असणारच"

यातून माणसं मरतात, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

त्या दिवशी यंत्र बाजूला ठेवून आम्ही फोन लावला आणि आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावी निघालो. राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर गाडी सरळ चालली होती. एका वळणावर फोनने डावीकडे वळायला सांगितलं: अकरा मिनिटं वाचणार होती. वळणावर पानठेला होता. आमचा इंडिकेटर बघून ठेल्यावरचा माणूस चुना लावता लावता उठून आला. "तिकून नोका जाऊ भाऊ. समोर पांदण हाय, अन् रपट्यावरून पानी चाल्लं."

पांदण म्हणजे शेतात बैलगाडी नेण्याची वाट. मधे गवत, दोन बाजूंना चाकोऱ्या, दोन्हीकडे कपाशी नाहीतर तूर. उन्हाळ्यात त्यावरून मोटारही निघते. श्रावणात काळ्या मातीचा असा चिखल होतो की चाक गाळात जाऊन फिरत राहतं, गाडी तसूभर हलत नाही. वरून काढलेल्या चित्रात पांदण ही एक स्वच्छ फिकी रेघ दिसते. नकाशा काढणाऱ्याने तिला रस्ता म्हटलं की यंत्र तिला रस्त्याचा वेग लावतं आणि सांगतं, अकरा मिनिटं वाचतील. महामार्गावर हा अंदाज सुधारतो, कारण हजारो फोन तिथून जाताना आपला वेग कळवत असतात. पांदणीवरून दिवसात दोन बैलजोड्या गेल्या तर नकाशाला काय कळणार?

रपट्याचं, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाचं पाणी तर नकाशाला दिसतच नाही. आमच्याच जिल्ह्यात २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यातल्या दहागावच्या नाल्यात पुरातून जाणारी एसटी बस वाहून गेली आणि प्रवाशांचे जीव गेले. तिथं फोनचा संबंध नव्हता. पुलावरचं पाणी किती फसवं असतं ते कळावं म्हणून सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली पुण्याची गाडी रात्री नकाशा बघत धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला पुलावरून जायचं ते सोडून एक गाडी पुलाखालच्या वाटेने थेट खाडीत गेली. सुदैवाने चालक महिलेला वाचवता आलं. पूल आणि त्याखालचा रस्ता यांचे अक्षांश-रेखांश जवळपास सारखे असतात, त्यामुळे आपण वर आहोत की खाली हे यंत्राला नीट ओळखता येत नाही. नकाशा बघत निघालेल्या या दोन्ही गाड्यांचा बाण चुकला नव्हता. जीपीएससारखाच आपला भारतीय नाविक घ्या: सात उपग्रहांची योजना, पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला. त्याने बाण आणखी नेमका होईलही. रपट्यावरचं पाणी त्यालाही दिसणार नाही.

नावांचा घोळ वेगळाच. वणी टाकलं तर कोळशाच्या खाणींची आपली वणी की नाशिक जिल्ह्यातली सप्तशृंगीजवळची? कळंब आमच्याकडे चिंतामणीचं, आणि दुसरं धाराशिव जिल्ह्यात. नेर आमच्याकडे, धुळ्याकडेही. केळापूर तालुक्याची कचेरी पांढरकवड्याला, आणि केळापूर टाकलं की यंत्र निघतं जगदंबेच्या देवळाच्या गावाकडे. दारव्ह्याचं इंग्रजी स्पेलिंग चार जण चार तऱ्हेने करतात. कोलामांचे पोड (वस्त्या) आणि बंजाऱ्यांचे तांडे यांतले कित्येक नकाशात नावानिशी नसतातच. ते ग्रामपंचायतीच्या नावाखाली बुडालेले. रात्री ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ येते तेव्हा हे न दिसणं फार महागात पडतं.

भावाला तिकडे यंत्र एवढं अचूक का वाटलं, तेही यावरून कळेल. तिथं प्रत्येक घराला रस्त्याच्या क्रमाने नंबर आहे. इंग्लंडात एका पोस्टकोडखाली सरासरी पंधराएक पत्ते येतात. पोस्टकोड टाकला की गल्लीच येते. ४४५००१ टाकून यवतमाळ शहर येतं, घर येत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड पत्रांची विभागणी करण्यासाठी होता, आणि ते काम तो उत्तम करत आला. (त्याची आखणी करणारे टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित आणि कवी होते, हे मला नेहमी आवर्जून सांगावंसं वाटतं.) घर गाठायला मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला: दहा अक्षरांचा संकेत, साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोनाला एक. तो अक्षांश-रेखांशावरून निघतो, म्हणजे ज्या पोडाचं नाव नकाशात नाही त्यालाही तो आहे. प्रत्येक अंगणवाडीच्या, शाळेच्या भिंतीवर तो रंगवावा असं मला मनापासून वाटतं.

अक्षांश-रेखांश थेट देता येतात, फक्त लिहिताना जपावं. २०.३९ अंश म्हणजे २० अंश ३९ मिनिटं नव्हे. अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट, तेव्हा ०.३९ अंश म्हणजे साडेतेवीस मिनिटांच्या आत. ही एक गल्लत केली की यवतमाळला निघालेला माणूस एकोणतीसेक किलोमीटर उत्तरेला, बाभूळगावच्याही पलीकडे पोचतो.

त्या रात्री गावी भावाने लॅपटॉप उघडला. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झाला. तो जगभरचे लोक मिळून काढतात, फुकट मिळतो, आणि भावाच्या नेव्हिगेटरसारख्या यंत्रात मेमरी कार्डावरून भरता येतो. कार्ड घातलं आणि सकाळचा रिकामा पडदा भरून गेला: ३६१, अरुणावती नदी, आर्णी. आमचं गाव नुसता ठिपका, पलीकडचा तांडा नव्हताच. त्या नकाशात कुणालाही भर घालता येते. आईला विचारून विचारून त्याने तांड्याचं नाव घातलं, विहीर घातली, शाळा घातली. डावीकडच्या त्या 'रस्त्या'ची नोंद बदलून गाडीवाट केली आणि रपटा पुरात बुडतो असं लिहिलं.

पुढच्या पोळ्याला तो नवा नकाशा भरून आला आणि कच्च्या वाटा टाळण्याची खूण करून निघाला. पानठेल्याच्या वळणावर यंत्राने सरळ जायला सांगितलं. आम्ही तरीही गाडी थांबवली, पुढच्या पुलावर पाणी आहे का ते विचारलं, पान बांधून घेतलं आणि निघालो.