सोडावाल्या पोराचे सोन्याचे पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्याच्या घरी दोन वेळच्या पेजेची भ्रांत, त्याचे पाय पाळण्यात पाहायला सवड असते कुणाला? केरळमधील त्रिशूर गावच्या एका पोराचे पाय लोकांना दिसले ते पुष्कळ उशिरा, आणि तेही अशा जागी की जिथे तो खेळायला म्हणून गेलाच नव्हता. तो गेला होता सोडा विकायला! त्रिशूरच्या म्युनिसिपल स्टेडियमवर सामने चालत, हजारो माणसे घसा कोरडा पडेपर्यंत ओरडत, आणि हे काळेसावळे, काटकुळे पोर बाटल्या घेऊन त्यांच्यामधून फिरत असे. एका बाटलीमागे त्याला सुटत दहा पैसे. गिऱ्हाइकाच्या हाती बाटली द्यायची, पैसे घ्यायचे, आणि डोळे मात्र मैदानावरच्या चेंडूवर!

या पोराचे नाव इनिवळप्पिल मणी विजयन. फुटबॉलच्या जगात तो आय. एम. विजयन या नावाने गाजला. पुढे तो हिंदुस्थानच्या संघाचा कर्णधार झाला, अर्जुन पुरस्काराचा मानकरी झाला, आणि २०२५ साली सरकारने त्याला पद्मश्री दिली. दहा पैशांपासून पद्मश्रीपर्यंतचा हा प्रवास कादंबरीत वाचला असता, तर लेखकाने जरा अतिशयोक्ती केली असे वाचकांनी म्हटले असते. पण ही हकीकत अक्षरशः खरी आहे, आणि ज्या घरात मुले वाढत आहेत अशा प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे.

हत्तींचे गाव, चेंडूचे वेड

त्रिशूर म्हटले की आपल्याला आठवतो तो तिथला पूरमचा उत्सव. वडक्कुन्नाथन मंदिरासमोर सजविलेल्या हत्तींच्या रांगा, त्यांच्यावरच्या रंगीबेरंगी छत्र्या आणि शेकडो वादकांचा तो कानठळ्या बसविणारा गजर! परंतु या गावाला आणि एकंदर केरळलाच आणखी एक वेड आहे, ते फुटबॉलचे. आपल्या आळीत पोरे भिंतीवर कोळशाने तीन रेघा ओढतात आणि क्रिकेट सुरू होते. तिकडे भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात चार दगड मांडून फुटबॉल सुरू होतो. मलबारात तर सात-सात गड्यांचे सामने पाहायला गावेच्या गावे लोटतात. फुटबॉलला बॅट लागत नाही, पॅड लागत नाहीत. एक चेंडू वीस पोरांना पुरतो. गरिबांच्या मुलांनी हा खेळ आपलासा केला यात नवल ते काय?

२५ एप्रिल १९६९ रोजी विजयनचा जन्म झाला तो अशाच एका हातावर पोट असलेल्या घरात. आईबाप मोलमजुरी करणारे. ज्या वयात आपली मुले सहामाहीच्या परीक्षेत किती गुण पडले यावरून रुसतात-फुगतात, त्या वयात या पोराला घरी चार पैसे कसे न्यायचे याची विवंचना होती. शाळेत नाव होते. पण पोटापुढे पाटी-पुस्तकाचे काय चालणार? सोडा विकायचे काम त्याला मिळाले, आणि दैवयोग असा की ते मिळाले नेमके फुटबॉलच्या मैदानावर.

गरिबी माणसाचे पुष्कळ काही हिरावून घेते. परंतु या एका बाबतीत तिने त्याला नकळत मोठा लाभ करून दिला. जे सामने पाहण्यासाठी लोक पदरमोड करून तिकिटे काढीत, ते त्याला फुकट पाहायला मिळत. चेंडू पायात आला की नामांकित खेळाडू खांदा कसा वळवितो, समोरच्याला डावीकडे झुकवून स्वतः उजवीकडून कसा निसटतो, हे सारे डोळे भरून पाहावे आणि मोकळ्या वेळात स्वतः करून पाहावे, हीच त्याची शाळा.

हिऱ्याला पारखी भेटतो

खाणीत हिरा असून भागत नाही, तो ओळखणारा जवाहिऱ्या भेटावा लागतो. विजयनला तो भेटला टी. के. चात्तुण्णी यांच्या रूपाने. चात्तुण्णी हे स्वतः जुने नावाजलेले खेळाडू. गोव्यात वास्कोकडून आणि मुंबईत ऑर्के मिल्सकडून ते खेळलेले. पुढे साळगावकर, डेम्पो आणि मोहन बागान यांसारख्या बलाढ्य संघांना त्यांनी शिकविले. केरळच्या क्रीडा मंडळाने मुलांसाठी भरविलेल्या शिक्षण-शिबिरात या पोराची निवड झाली आणि चात्तुण्णींनी त्याला हाताशी धरले.

शिबिर म्हणजे काय, हे आपल्याला कदाचित तितकेसे उमगणार नाही. सुट्टीत मुलांना कुठे अडकवावे, म्हणून आपण त्यांना शिबिरात घालतो. पण विजयनसारख्या मुलाच्या दृष्टीने ते एक उघडलेले दार होते. कुणीतरी आपले नाव घेऊन हाक मारतो, आपली चूक दाखवितो आणि पुन्हा करून पाहा म्हणतो, ही गोष्ट रस्त्यावरच्या पोराच्या वाट्याला सहसा येत नसते.

त्यानंतर दुसरे दार उघडले ते पोलीस खात्याचे. १९८४ च्या सुमारास केरळ पोलिसांनी आपला फुटबॉल संघ बांधायला घेतला होता. चांगली पोरे हेरावी, त्यांना खात्यात नोकरी द्यावी आणि संघ उभा करावा, असे धोरण होते. वयाच्या सतराव्या वर्षी विजयन या संघात दाखल झाला, आणि पुढे रीतसर शिपाई झाला.

ज्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार असा कधी आलाच नव्हता, त्या घरात सरकारी नोकरीचे पाकीट आले! त्या घरच्या माणसांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्या काळी आपल्या देशात फुटबॉलपटूचे पोट याच रीतीने भरत असे. मुंबईकरांना कूपरेजवरचे सामने आठवत असतील. मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, टाटा, रेल्वे असे संघ तिथे उतरत. खेळाडू हजेरीपटावर कामगार किंवा कारकून असायचा, आणि सायंकाळी मैदानावर वीर! गिरण्या, बँका, बंदरे आणि पोलीस खाते यांनी पदरी धरले नसते, तर कितीतरी गुणी पोरे गल्लीतच विरून गेली असती.

तेच मैदान, तोच पोरगा

१९९० साल उजाडले. फेडरेशन कप ही देशातील क्लबांची मानाची स्पर्धा. त्या वर्षी ती भरली त्रिशूरला, त्याच म्युनिसिपल स्टेडियमवर! आणि अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर संघासमोर कोण उभे ठाकले? केरळ पोलीस! सत्यन, पाप्पच्चन, शरफ अली अशा एकाहून एक खंद्या गड्यांच्या जोडीला होता आपला विजयन. पोलिसांनी तो सामना २-१ असा जिंकला.

ज्या पायऱ्यांवर चढउतार करून त्याने सोडा विकला, त्याच पायऱ्या आता त्याच्या संघाच्या नावाने दुमदुमत होत्या. त्या गर्दीत त्या दिवशीही कुणीतरी पोरे शेंगदाणे आणि सोडा विकीत असतीलच. त्यांनी मैदानाकडे पाहिले असेल तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल?

पुढच्या वर्षी कण्णूर येथे पोलिसांनी तोच चषक पुन्हा पटकाविला. या खेपेस त्यांनी आपल्या मुंबईच्या महिंद्र संघाला धूळ चारली. केरळचा हा संघ काय चीज आहे, हे मग साऱ्या देशाला कळून चुकले.

कलकत्त्याचा ‘काळा हरिण’

फुटबॉलपटूची खरी कसोटी कलकत्त्यात. १९११ साली अनवाणी पायांनी गोऱ्या सोजिरांच्या संघाला हरवून ज्यांनी आय. एफ. ए. शील्ड जिंकली, त्या मोहन बागान क्लबचे बोलावणे १९९१ मध्ये विजयनला आले. बंगाली प्रेक्षकांचे प्रेम जितके उतू जाणारे, तितकाच त्यांचा रागही कडक. परंतु हा केरळी गडी त्यांच्या गळ्यातला ताईत बनला. त्याची ती वाऱ्यासारखी धाव, छातीवर चेंडू झेलून एका गिरकीत गोलाकडे वळण्याची लकब, आणि पाठमोरा उडी घेऊन हवेतल्या हवेत लगावलेली ती लाथ! लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘कालो हरिण’, म्हणजे काळा हरिण. याच नावाचा त्याच्यावरील एक अनुबोधपट १९९८ मध्ये निघाला.

त्यानंतर तो पंजाबात फगवाड्याच्या जे. सी. टी. गिरणीच्या संघात गेला. तिथे सिक्कीमच्या डोंगरातून आलेला बायचुंग भुतिया त्याला जोडीदार मिळाला. समुद्रकाठचा एक आणि हिमालयातला एक! १९९६-९७ साली देशात राष्ट्रीय फुटबॉल लीग प्रथमच सुरू झाली आणि ती पहिलीच स्पर्धा जे. सी. टी. ने जिंकली. पुढे केरळातच एफ. सी. कोचीन हा व्यावसायिक क्लब निघाला, तेव्हा विजयन घरी परतला, आणि १९९७ मध्ये त्या संघाने ड्युरँड कप मिळविला. केरळच्या संघाने ड्युरँड कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ. उतारवयात तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडूनही खेळला आणि ईस्ट बंगालकडूनही. देशातील उत्कृष्ट फुटबॉलपटूचा मान त्याला एकदा नव्हे, तीनदा मिळाला.

देशाच्या संघातही त्याने कसर ठेवली नाही. दक्षिण आशियाई स्पर्धेत १९९३ साली लाहोरला आणि १९९७ साली काठमांडूला हिंदुस्थान विजयी झाला; काठमांडूला सर्वाधिक सहा गोल विजयनचे होते. १९९९ च्या साफ क्रीडास्पर्धेत भूतानविरुद्धच्या सामन्यात तर त्याने कमाल केली. पंचांची शिट्टी वाजून अवघे बारा सेकंद होतात न होतात तोच चेंडू जाळ्यात! प्रेक्षक नीट बसलेही नसतील. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील अतिवेगवान गोलांत त्याची गणना होते. २००३ मध्ये हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, चार गोल करून तो पुन्हा पहिला आला, आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

इतके असूनही आपल्या घरांतून त्याचे नाव फारसे घेतले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. क्रिकेटपटूंची सरासरी आपल्या मुलांना तोंडपाठ असते. पण जागतिक क्रमवारीत हिंदुस्थानचा फुटबॉल संघ १९९६ साली ९४ व्या क्रमांकापर्यंत चढला होता, आणि त्याहून वर तो कधीच गेलेला नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? ते दिवस विजयनचे होते.

शिट्टी वाजल्यानंतर

खेळाडूचे आयुष्य मोठे चमत्कारिक असते. इतर लोक पस्तिशीत कुठे मार्गाला लागतात, तेव्हा याची निवृत्ती! टाळ्या थांबतात, वर्तमानपत्रांतले फोटो थांबतात. विजयनचा सहकारी आणि एके काळचा हिंदुस्थानचा कर्णधार व्ही. पी. सत्यन याचे उदाहरण विसरता येत नाही. दुखापतींनी आणि खिन्नतेने ग्रासलेल्या त्या उमद्या खेळाडूचा २००६ साली, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, दुर्दैवी अंत झाला.

विजयन मात्र सावरून उभा राहिला. जयराज या दिग्दर्शकाने त्याला ‘शांतम्’ या मल्याळी चित्रपटात प्रमुख भूमिका दिली आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पुढे आणखी चित्रपट आले. आणि शेवटी तो परतला तो आपल्या मूळ घरी, पोलीस खात्यात. ज्या खात्यात तो शिपाई म्हणून शिरला होता, तिथून एप्रिल २०२५ मध्ये तो निवृत्त झाला तो डेप्युटी कमांडंट होऊन. त्रिशूरनेही आपल्या पोराची आठवण ठेवली. गावाजवळ लालूर येथे जिथे वर्षानुवर्षे शहराचा कचरा पडत असे, त्या जागेवर आता विजयनच्या नावाचे क्रीडासंकुल उभे राहिले आहे.

ही हकीकत वाचून आपल्या मुलाने उद्याच अभ्यास सोडून चेंडूमागे लागावे, असे कोणी समजू नये. एका विजयनमागे शेकडो पोरे अशी असतात की ज्यांचे नावही कुणाला कळत नाही. परंतु कष्टाबरोबरच एक शिबिर, एक शिक्षक आणि एक नोकरी, एवढ्या तीन गोष्टी त्या पोराला वेळेवर मिळाल्या, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. त्यांतली एक जरी चुकली असती, तरी त्रिशूरच्या स्टेडियमवर एक चांगला सोडावाला तेवढा वाढला असता.

आपल्या वाड्यात, चाळीत, कॉलनीत पेपर टाकणारा, दूध घालणारा, गाड्या पुसणारा एखादा मुलगा असतोच. त्याचे डोळे कुठे खिळलेले असतात, हे आपण कधी पाहिले आहे काय? या दिवाळीत फराळाचे ताट त्याच्या हाती देताना दोन शब्द त्याच्याशी बोलावे, आणि तुला काय आवडते रे, असे त्याला विचारून पाहावे. न जाणो, त्याच्या उत्तरात एखाद्या मैदानाचे नाव निघेल.